'लिटरली' असूनही काही कळेना, मग हा शब्द आहे तरी कशाला?

रुईफूल

मी सबटायटल्सचं काम करते, इंग्लिशमधून मराठीत. परवा एक माहितीपट हातात होता, हिमस्खलनातून वाचलेला एक गिर्यारोहक बोलतोय, अगदी हळू आवाजात, कॅमेऱ्याकडे न बघता, आणि मधेच म्हणतो, 'आय वॉज लिटरली फ्रोझन'. बस, एवढंच. पुढचं वाक्य वेगळ्याच गोष्टीबद्दल. मी लिहून टाकलं, 'मी अक्षरशः गोठून गेलो होतो'. दोन तासांनी काम तपासणाऱ्या ताईंचा शेरा आला, 'थंडीने की भीतीने?'

आणि मी तिथेच अडकले. बर्फात सापडलेल्या माणसाच्या तोंडी 'फ्रोझन' दोन्ही अर्थांनी येऊ शकतो ना. हातपाय आखडून बोटं काळीनिळी पडली असतील, किंवा वरून बर्फाचा लोट येताना दिसला आणि पाय जागचे हलेनात असंही असेल. आता खरं तर 'लिटरली' हा शब्द नेमका अशाच वेळेला कामी यायला हवा, कारण त्याचं कामच ते आहे, की बाबांनो मी अलंकारिक बोलत नाहीये, जसं म्हणतोय तसंच घ्या. तो शब्द वाक्यात होता आणि तरी मला काही कळलं नाही. वर मी त्याच्या जागी 'अक्षरशः' टाकला तर त्यानेही वाचणाऱ्याला काही कळलं नाही. दोन भाषांमधले दोन शब्द आणि दोघांनी मिळून माहिती शून्य.

माझं मत स्पष्टच सांगते. नुसता जोर द्यायला 'लिटरली' वापरणं निदान लिहिताना तरी थांबायला हवं. जोर द्यायला इंग्लिशमध्ये व्हेरी आहे, रिअली आहे, टोटली, ॲब्सोल्यूटली, कम्प्लीटली, ढिगाने शब्द पडलेत. 'हे खरोखरीच असंच घडलं, उपमा नाही' हे एका शब्दात सांगणारा मात्र एकच होता, आणि तोच आपण जोर देण्याच्या कामाला जुंपला. हे मला मनापासून लागतं. तुम्हाला काय वाटतं?

उनाड

नाही पटलं. तुमची अडचण खरी आहे पण दोष शब्दाच्या माथी मारताय. आणि आधीच सांगून ठेवतो, हा वापर हल्लीच्या पोरापोरींनी आणला असं पुढे कोणीतरी लिहिणारच, तर ते खरं नाहीये. ऑक्सफर्ड डिक्शनरीत या वापराचं उदाहरण आहे ते १७६९ सालचं, फ्रान्सिस ब्रुक नावाच्या लेखिकेच्या कादंबरीतलं. एक नशीबवान गृहस्थ आल्या आल्या सुंदर बायकांच्या मेळाव्यात जाऊन पडतो, तर म्हटलंय की हे म्हणजे लिटरली लिलीच्या फुलांमध्ये चरणं झालं. म्हणजे अडीचशे वर्षं झाली की! डिकन्सच्या १८३९ च्या कादंबरीत तो दुष्ट मास्तर स्क्विअर्स, पळून गेलेला मुलगा पकडून आणल्यावर त्याच्याकडे बघत लिटरली डोळ्यांचं पारणं फेडून घेतो. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर, १८७६, कुंपण रंगवायचं काम दुसऱ्या पोरांच्या गळ्यात मारतो, वर त्यांच्याकडूनच वस्तू उकळतो आणि दुपारपर्यंत लिटरली संपत्तीत लोळत असतो. जेम्स जॉइसची ती प्रसिद्ध कथा तर सुरूच या शब्दाने होते जवळजवळ, केअरटेकरची मुलगी लिली कामाने इतकी लिटरली पळते आहे की पाय ठरत नाहीत.

एवढ्या लोकांना इंग्लिश येत नव्हतं का? आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाचा गोंधळ झाला? वाक्य बघून माणसाला बरोबर कळतं.

तळटीप

उनाड, मोठ्या लेखकाने वापरला म्हणून बरोबर हा मुद्दा मला कधीच पटत नाही, पण तुम्ही ट्वेनचं नाव काढलंत म्हणून बरं झालं, कारण ते उदाहरण तुमच्या उलट जातं. ती संपत्ती काय आहे ते आठवा. बारा गोट्या, एकाच डोळ्याचं मांजराचं पिल्लू, दाराची पितळी मूठ, कुत्र्याचा पट्टा आणि कुत्रा नाहीच. आता या अशा ढिगाऱ्यात एखादा पोरगा खरोखरच लोळू शकतो, हे डोळ्यांसमोर येतं की नाही? 'संपत्तीत लोळणं' हा गुळगुळीत झालेला वाक्प्रचार ट्वेन 'लिटरली' लावून परत जागा करतोय, आणि तो जागा होतो तो 'लिटरली'ला त्याचा कडक अर्थ शिल्लक आहे म्हणूनच. तो अर्थ मेला तर त्या वाक्यात काय उरलं? टॉमकडे खूप वस्तू होत्या, एवढंच.

जॉइसचंही तसंच आहे. ते वाक्य निवेदकाचं असलं तरी बोली लिलीची आहे, ती स्वतः असंच म्हणाली असती. लेखकाने पात्राच्या तोंडचा शब्द उचललाय, स्वतःचा नाही. मुद्दाम केलेल्या गोष्टीला परवाना समजू नका.

आणि ही तक्रारही काही नवी नाही. इंग्लिशच्या वापरावर मार्गदर्शक पुस्तक लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय, त्याचा आशय असा की जिथे खरं बोलायचं तर 'अर्थात शब्दशः नव्हे' असं म्हणायला हवं तिथेच आपण बेधडक नेमका तोच शब्द घालतो जो नाकारायला हवा होता. शंभर वर्षं होत आली याला.

गोगलगाय

मला आठवतंय त्याप्रमाणे २०१३ च्या आसपास बातम्या आल्या होत्या की डिक्शनरीवाल्यांनी हा चुकीचा अर्थ मान्य केला, आणि लोक भयंकर चिडले होते. मग मान्य केला म्हणजे प्रश्न संपला ना? डिक्शनरीत आहे तर बरोबर.

उनाड

गोगलगाय, माझ्या बाजूने बोलताय पण हा मुद्दा मी घेणार नाही. डिक्शनरी म्हणजे कोर्ट नव्हे. लोक काय बोलतात त्याची ती नोंद ठेवते. ऑक्सफर्डने ती भर घातली २०११ मध्ये, लोकांच्या लक्षात आलं २०१३ ला. आणि वेब्स्टरच्या १९०९ च्या मोठ्या डिक्शनरीत हा अर्थ होताच. तेव्हा भाषा बुडाली नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे आणि रुईफूल यांनी त्याला उत्तर द्यावं. 'खरं' असा अर्थ असलेला कुठलाही शब्द घ्या, तो शेवटी जोर देण्याच्या कामाला लागतोच. व्हेरी कुठून आला? लॅटिनमध्ये खऱ्याला वेरुस म्हणतात, फ्रेंचमधून येऊन त्याचा व्हेरी झाला, म्हणजे मूळ अर्थ खराखुरा. आज 'व्हेरी गुड' म्हणताना कोणाच्या मनात तरी खरं-खोटं येतं का? रिअली म्हणजे वास्तवात. ट्रूली म्हणजे सत्यपणे. सगळे त्याच वाटेने गेले. आपल्याकडे 'खरंच' बघा, 'खरंच जीव जायची वेळ आली' म्हणतो आपण, जीव कुठेही जात नसतो. व्हेरीबद्दल तुम्ही रडत नाही, मग लिटरलीबद्दलच का?

रुईफूल

व्हेरीबद्दल रडत नाही कारण ते माझ्या जन्माच्या कितीतरी शतकं आधी होऊन गेलं. लिटरलीचं माझ्या डोळ्यांसमोर होतंय आणि माझ्या रोजच्या कामात होतंय. व्हेरी पूर्ण पलीकडे गेलाय म्हणून त्रास देत नाही. लिटरली मधेच अडकलाय, एक पाय इकडे एक पाय तिकडे, आणि तीच वेळ सगळ्यात वाईट असते, कारण ऐकणाऱ्याला कुठला पाय धरायचा तेच कळत नाही.

थर्मामीटर

मी नर्स आहे, अठरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी इमर्जन्सीत. माझं इंग्लिश-मराठीचं ज्ञान तुमच्याइतकं नाही पण हा शब्द मी रोज ऐकते म्हणून लिहिते.

पेशंट म्हणाला 'माझं डोकं लिटरली फुटतंय' तर काहीच अडत नाही, डोकं फुटलेलं नाहीये हे समोर दिसतं. उनाड म्हणतात ते इथे बरोबर आहे. पण पेशंट म्हणाला 'दोन दिवस लिटरली काही खाल्लं नाही' तर? याचा अर्थ एक घाससुद्धा नाही असाही असतो आणि नेहमीपेक्षा कमी खाल्लं असाही असतो, आणि डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर या दोन अर्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, साखर खाली जाऊ शकते. 'पाय लिटरली बधिर झालाय', म्हणजे मुंग्या येतायत की टाचणी टोचली तरी कळत नाहीये? 'लिटरली श्वासच घेता येत नव्हता', म्हणजे घाबरल्यासारखं झालं की खरंच वाक्य पूर्ण करता येत नव्हतं? एकदा एक बाई आईला घेऊन आल्या, म्हणाल्या ही काल रात्रभर लिटरली झोपली नाही, मी तसंच लिहून पुढे दिलं. नंतर आजींशी नीट बोलले तेव्हा कळलं की पाच तास झोप झाली होती, फक्त मधे मधे जाग येत होती. तेव्हापासून हा शब्द ऐकला की मी परत विचारते, 'म्हणजे अजिबातच नाही का?' दर वेळी.

म्हणजे माझं म्हणणं असं आहे की जिथे अशक्य गोष्ट बोलली जाते तिथे हा शब्द निरुपद्रवी आहे. घोळ होतो तो शक्य असलेल्या गोष्टींत. आणि माणसाचं बहुतेक बोलणं शक्य गोष्टींबद्दलच असतं.

तळटीप

थर्मामीटर, धागा वसूल. हेच मला सांगायचं होतं आणि मांडता येत नव्हतं.

उनाड

मान्य, चांगला मुद्दा आहे. पण त्या बाईंनी 'लिटरली' न म्हणता 'रात्रभर झोपली नाही' एवढंच म्हटलं असतं तरी तुम्हाला परत विचारावंच लागलं असतं ना? माणसं वाढवून सांगतात. ती सवय माणसाची आहे, शब्द काढला तरी ती जाणार नाही.

थर्मामीटर

हो, विचारावं लागलंच असतं. पण शब्द शाबूत असता तर विचारायची गरज ज्याने संपते असा एक शब्द पेशंटकडे असता. आता तो नाही.

मात्रा

थोडं लांबलचक लिहिते, संस्कृत काव्यशास्त्र शिकवते त्यामुळे राहवत नाही.

लोक म्हणतात की 'लिटरली'चा अर्थ आता 'लाक्षणिक अर्थाने' असा झालाय, उलटा झालाय. मला हे निदानच चुकीचं वाटतं. करून बघा, 'मी लिटरली मेले हसून' या वाक्यात लिटरली काढा आणि 'मी लाक्षणिक अर्थाने मेले हसून' असं म्हणा. असं कोण बोलेल? वाक्याचा प्राणच गेला. म्हणजे बोलणारीला 'हे लाक्षणिक आहे' असं सांगायचंच नाहीये. उलट तिला अतिशयोक्ती करायची आहे, आणि अतिशयोक्तीत ती शपथेवर सांगितल्यासारखी ठासून सांगतेय. शब्दाचा अर्थ उलटलेला नाही, तो शब्दच अतिशयोक्तीच्या आत ओढला गेलाय. मेले ही जशी अतिशयोक्ती, तशी 'लिटरली' ही पण अतिशयोक्तीच.

आपल्याकडे अभिधा, लक्षणा, व्यंजना अशा शब्दाच्या तीन शक्ती सांगतात, म्हणजे सरळ मूळ अर्थ, तो अडला की घेतलेला जवळचा अर्थ, आणि नुसता सुचवलेला अर्थ. लक्षणेचं शाळेतलं उदाहरण 'गंगायां घोषः', गंगेवर वस्ती आहे. प्रवाहावर तर वस्ती होऊ शकत नाही, म्हणजे मूळ अर्थ अडला, त्याला मुख्यार्थबाध म्हणतात, आणि मग आपण 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो. आता थर्मामीटर यांचं बोलणं यात बसवून बघा, त्यांनी शास्त्र न वाचता तेच सांगितलंय. 'डोकं फुटतंय' मध्ये मुख्यार्थ अडतो म्हणून लक्षणा आपोआप होते, लिटरली असो नसो. 'काही खाल्लं नाही' मध्ये मुख्यार्थ अडतच नाही. तिथे लक्षणेकडे जायचं की नाही हे सांगणारी खूण लागते. 'लिटरली' ही ती खूण होती, की इथे अभिधेवरच थांबा. रुईफूल यांचा 'फ्रोझन' तर याचा नमुनाच आहे, दोन्ही अर्थ धडधाकट उभे आणि खूण पुसलेली.

एक गोष्ट मात्र रुईफूल यांनी मान्य करावी. हे एका दिवसात कोणी अडाण्याने केलेलं नाही. या शब्दाचं मूळ लॅटिन लितेरा, म्हणजे अक्षर. धर्मग्रंथाचा अर्थ लावताना अक्षरांना धरून निघणारा अर्थ वेगळा आणि रूपकाने निघणारा वेगळा, या चर्चेतून 'लिटरल' रुळला. मग सतराव्या शतकात खऱ्या गोष्टीवर भर द्यायला लिटरली यायला लागला, इंग्लिश कवी ड्रायडनच्या १६८७ च्या कवितेत रोजचा घास लिटरली याचना करून मिळवण्याची गोष्ट आहे, ती तक्रार खरीच आहे आणि लिटरली तिला धार आणतोय. खऱ्या गोष्टीवर भर, मग जवळजवळ खऱ्या गोष्टीवर भर, मग रूपकावर भर. एकेक पायरी इतकी लहान आहे की कुठल्याच पायरीवर कोणाला अडवता आलं नसतं.

साधीसुधी

मात्राताई, लितेरा म्हणजे अक्षर, म्हणजे लिटरली आणि अक्षरशः हे हुबेहूब एकसारखेच घडलेले शब्द झाले की!! हे मला आज कळलं.

मात्रा

हो, आणि दोघांचं पुढेही सारखंच झालं. आपल्या बातम्या बघा, पावसाने अक्षरशः झोडपून काढलं, प्रेक्षकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं, रस्ते अक्षरशः ओस पडले. यात अक्षर कुठे आहे? जर्मनमध्ये बुखश्टाबे म्हणजे अक्षर, त्यावरून बुखश्टेब्लिश, तोही शब्द रूपकांवर जोर द्यायला सर्रास वापरतात. रशियनमध्ये बुक्वा म्हणजे अक्षर, त्यावरून बुक्वाल्ना, त्याचंही तेच. फ्रेंचमधला लितेरालमाँ त्याच रांगेत.

उनाड

हे घ्या! मराठी, इंग्लिश, जर्मन, रशियन, फ्रेंच, सगळ्यांनी एकमेकांना न विचारता 'अक्षर'वरून बनलेला शब्द घेतला आणि जोर द्यायला लावला. म्हणजे ही कोणा एकाची चूक नाही, माणसाचं डोकंच असं चालतं. नदी उताराकडे वाहते त्याला चूक म्हणतात का? 'थांबायला हवं' म्हणून थांबणार आहे का हे?

आणि दोन उलट अर्थ असले म्हणजे भाषा मोडते हेही खरं नाही. इंग्लिशमध्ये सँक्शन म्हणजे मंजुरी आणि सँक्शन म्हणजे निर्बंध. डस्ट म्हणजे धूळ झाडणं आणि डस्ट म्हणजे भुकटी भुरभुरवणं. लांब कशाला, धाग्यातलाच शब्द घ्या, रुईफूल यांनी सुरुवातीलाच लिहिलंय 'परवा एक माहितीपट हातात होता'. परवा! कालच्या आदल्या दिवसालाही परवा आणि उद्याच्या नंतरच्या दिवसालाही परवा. याहून उलटं काय असणार? अडलं का कोणाचं काही?

रुईफूल

परवाचं उदाहरण सुंदर आहे, मला स्वतःला कधी सुचलं नसतं. पण परवाच्या मागे क्रियापद उभं असतं. 'परवा आलो', 'परवा येईन', संपलं, शंका उरतच नाही. आणि क्रियापद नसलं की गोंधळ होतोच, कोणी नुसतं 'परवा' असं उत्तर दिलं की आपण लगेच विचारतो, गेल्या की येत्या? सँक्शनच्याही आजूबाजूचं वाक्य मदतीला येतं. लिटरलीच्या मदतीला कोण येतं? त्याचं कामच होतं दुसऱ्या शब्दांच्या मदतीला जायचं. पहारेकऱ्यावरच पहारा ठेवायची वेळ आली तर पहारेकरी ठेवलाच कशाला?

नदीचं म्हणाल तर, नदी उताराकडे वाहते हे मान्य. तरी माणसं बांध घालतात. सगळीकडे नाही घालत, जिथे शेत वाचवायचं असतं तिथे घालतात. मी बोलण्याबद्दल काही म्हणत नाहीये, मैत्रिणींशी बोलताना मी पण 'लिटरली वेड लागायची पाळी आली' म्हणते. लिहिताना म्हणतेय. बातमी लिहिताना, रिपोर्ट लिहिताना, कोणाचा अनुभव दुसऱ्या भाषेत नेताना.

साधीसुधी

मला एक वेगळंच सांगायचंय. मराठी बोलताना आपण जो 'लिटरली' वापरतो ना तो मुळात इंग्लिशमधला कडक अर्थाचा नाहीच. तो आपल्याकडे आला तोच जोर देणारा म्हणून. 'ती लिटरली माझ्या अंगावर ओरडली', 'मी लिटरली पाच मिनिटांत आले', 'तो लिटरली म्हणाला की नको', यातल्या निम्म्या ठिकाणी आपली आजी 'चक्क' म्हणाली असती. ती चक्क माझ्या अंगावर ओरडली. तो चक्क नको म्हणाला.

आणि मी जेवढं आठवून बघितलं तेवढ्यात 'चक्क' अजून खोटं बोललेला नाहीये! 'मी चक्क मेले हसून' असं कोणी म्हणतं का? 'पावसाने चक्क झोडपलं'? नाही ना वाटत बरोबर? 'तो चक्क रडला' म्हटलं की रडलाच, डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे रुईफूलताई, तुमच्या पहारेकऱ्याचं काम करणारा आपल्याकडे एक आहे.

तळटीप

चक्कचं निरीक्षण फार आवडलं. पण चक्कमध्ये आश्चर्य मिसळलेलं असतं, अपेक्षा नव्हती आणि तरी झालं. 'चक्क गोठून गेलो' म्हटलं तर तो माणूस स्वतःच्या मरणाच्या दारात उभा असल्याचं कौतुकाने सांगतोय असं वाटेल. अशा गंभीर जागी नाही चालायचा. त्यापेक्षा 'शब्दशः' बघा, तो अजून स्वच्छ आहे, शब्दशः भाषांतर, शब्दशः अर्थ. इंग्लिशमध्येही लिटरल हे विशेषण बऱ्यापैकी शाबूत आहे, लिटरल मीनिंग म्हटलं की गोंधळ होत नाही.

उनाड

म्हणजे घराणं शाबूत आहे, एक भाऊ तेवढा बाहेर पडला, असंच ना? मग भाषेने स्वतःची सोय केलीच आहे. लिटरल आहे, शब्दशः आहे, चक्क आहे, प्रत्यक्षात आहे. एका शब्दाचं काम दुसरे उचलतात. मी हेच सांगतोय.

थर्मामीटर

उचलतात, पण पेशंट माझ्याशी बोलताना 'शब्दशः काही खाल्लं नाही' असं म्हणत नाही. म्हणणारही नाही. काय म्हणेल माहितेय? 'पाण्याचा थेंबसुद्धा नाही'. आणि मला आता लिहिताना जाणवलं की तिथे माझा विश्वास बसतो. थेंब, घास, कण, असं काहीतरी हाताला लागणारं सांगितलं की मी परत विचारत नाही. ठासून सांगणारे शब्द ऐकले की विचारते.

मात्रा

थर्मामीटर, हे मी वर्गात सांगणार आहे, तुमच्या नावाने.

गोगलगाय

मग त्या गिर्यारोहकाचं शेवटी काय झालं? थंडी की भीती?

रुईफूल

हो, सांगायचं राहिलंच. मी मूळ चित्रीकरण परत बघितलं. बोलताना त्याच्या मांडीवर दोरी आहे आणि तो पूर्ण वेळ तिची एक गाठ सोडवत बसलाय. दहाही बोटं शाबूत, चपळ. पण त्यावरून नक्की म्हणता येईना, कारण बोटं वाचतातही वेळेत उपचार मिळाले तर. म्हणून दिग्दर्शिकेला मेल टाकला. तिचं उत्तर आलं की भीतीच. त्याला लोट वरून सुटताना दिसला होता, बाजूला व्हायला काही सेकंद हातात होते, आणि तो हलला नाही. जे त्याच्यासोबत होते ते हलले. हे तो मुलाखतीत सरळ कधीच बोलला नाही, ते एक वाक्य सोडून.

म्हणजे बघा, त्या वाक्यात केवढं होतं.

मी आता लिहिलंय, 'माझे पाय जागचे हलेनात'. लिटरली पण काढला आणि अक्षरशः पण.

उनाड

अर्थ बरोबर आहे पण त्यातून बर्फ गेला. तो माणूस बर्फात उभा राहून 'फ्रोझन' म्हणतोय, हा शब्द त्याने उगाच निवडला असेल असं मला वाटत नाही. आणि आता तुम्ही रागवाल तरी म्हणतो, त्याचा 'लिटरली' चुकीचा नव्हताच. हातपाय हलत नव्हते, तो खरोखर पुतळ्यासारखा उभा होता. त्याच्या दृष्टीने ते शब्दशः खरं होतं.

रुईफूल

रागवले नाही. बर्फ गेला हे खरंय, मला पण तेच खुपतंय सकाळपासून. पण 'गोठलो' लिहिलं की प्रेक्षक परत थंडीकडेच जाणार, बर्फ समोर दिसतोय ना पडद्यावर. आणि दोन ओळींत, चार सेकंदांत 'भीतीने' वगैरे समजावत बसायला जागा नाही.

साधीसुधी

'थिजलो' चालेल का? तूप थंडीने थिजतं आणि माणूस भीतीने थिजतो. माणूस थिजला म्हटल्यावर कोणीही थंडी धरत नाही बहुतेक.

तळटीप

वा.

रुईफूल

साधीसुधी, बदललं. 'मी जागच्या जागी थिजलो.' पाठवून दिलंय, या वेळी ताईंचा काही शेरा आला नाही.